उमेदवारांचें स्वयंवर

२०२४ सालच्या भाऊबिजेस, म्हणजे ३ नोव्हेंबर रोजीं, आम्ही दरसालच्या शिरस्त्याप्रमाणें बडनेऱ्यास गाडींत बसून अकोल्यास आमच्या अक्कांकडे गेलों. अक्कांच्या घरीं तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, आणि सणावारीं पंगतीचीं पानें पंचविसांच्या खालीं येत नाहींत. त्या दिवशीं पंगतीस एक विशेष पाहुणे होते. अक्कांचे मधले चिरंजीव पुष्कळ वर्षांपासून अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत राहतात व आतां तेथील नागरिक झाले आहेत; ते मुलांबाळांसह दिवाळीस आले होते.

दिवस मोठे चमत्कारिक होते. इकडे दुसऱ्याच दिवशीं महाराष्ट्र विधानसभेचे उमेदवारी अर्ज मागें घेण्याची मुदत संपत होती, व गांवोगांव बंडखोरांची मनधरणी चालली होती. तिकडे ५ नोव्हेंबरास अमेरिकेचा अध्यक्ष निवडला जावयाचा होता. भाचे आपली मतपत्रिका आधींच पाठवून निघाले होते. जेवणें होऊन पानदान पुढें आलें, तेव्हां ते सहज म्हणाले, "मामा, या एका निवडणुकींत माझें दोनदां मत झालें. एकदां फेब्रुवारींत आणि एकदां आतां."

"एका निवडणुकीला दोन मतें?" अक्कांनीं अडकित्ता थांबवून विचारलें. "मग पहिल्या मतानें काय केलेंस?"

"पहिल्या मतानें पक्षाचा उमेदवार कोण तें ठरवायचें, आई. दुसऱ्यानें अध्यक्ष."

"म्हणजे आधीं स्थळ पसंत करायचें, मग लग्न," अक्का म्हणाल्या. "आमच्याकडे अंतरपाट दूर झाल्यावर कळतें, समोर कोण उभा आहे तें!"

सारें माजघर हसलें. आम्हीही हसलों, परंतु तें वाक्य मनांतून जाईना. आम्ही कोणत्याही पक्षाचे सभासद नाहीं. उभें आयुष्य मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेलें. राजकारणाशीं संबंध आला तो मतदान केंद्रावरील चाकरीपुरता, म्हणजे बोटास शाई लावण्यापासून पेटी सीलबंद करण्यापर्यंत. अशा एका साध्या मतदाराचीं या विषयावरचीं मतें कोणास उपयोगी पडतील तर पडोत, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम अमेरिकेंतील रीत थोडक्यांत सांगूं. अध्यक्षपदासाठीं पक्षानें कोणास उभें करावें, हें ठरविण्याकरितां तेथें बहुतेक राज्यांत आधीं एक मतदान होतें. त्यास ते लोक प्रायमरी म्हणतात. आपण 'पूर्वनिवड' म्हणूं. ही रीत तेथेंही आरंभापासून निर्णायक नव्हती. १९६८ सालीं ह्यूबर्ट हम्फ्री हे एकाही पूर्वनिवडींत न उतरतां डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागो येथील त्या अधिवेशनांत आंत पुढाऱ्यांचें ऐक्य मोडलें व बाहेर रस्त्यांवर पोलिसांच्या लाठ्यांनीं तरुणांचीं डोकीं फुटलीं. निवडणुकींत हम्फ्री पडले. या अनुभवानें पक्षानें आपले नियम बदलले, आणि १९७२ पासून उमेदवार ठरविण्याची सत्ता मुख्यत्वें सामान्य मतदारांच्या हातीं आली. २००८ सालीं बराक ओबामा व हिलरी क्लिंटन यांची पक्षांतर्गत झुंज जानेवारीपासून जूनपर्यंत चालली, ती या बदललेल्या रीतीमुळेंच. पुढाऱ्यांच्या बैठकींत निकाल लागावयाचा असता, तर सिनेटमध्यें जेमतेम तीन वर्षें काढलेल्या ओबामांस तो अनुकूल झाला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

भाच्यांच्याच राज्यांतील एका मराठी गृहस्थांचें उदाहरण येथें देण्याजोगें आहे. बेळगांवकडचे श्री ठाणेदार रसायनशास्त्राच्या विद्येवर तिकडे उद्योगपति झाले, आणि २०१८ सालीं मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठीं डेमोक्रॅटिक पक्षाच्या पूर्वनिवडींत उतरले. पदरचे लक्षावधि डॉलर खर्च करूनही ते तिसरे आले. पुढें २०२२ सालीं ते डेट्रॉइटकडील एका मतदारसंघांतून प्रतिनिधिगृहासाठीं उभे राहिले. पूर्वनिवडींत नऊ उमेदवार होते. त्यांत शेंकडा तिसांहून कमी मतें मिळवून ते पहिले आले, आणि नोव्हेंबरांतील खरी निवडणूक त्यांनीं सहज जिंकली. यांतून दोन गोष्टी दिसतात. ज्याच्यामागें कोणी बडा पुढारी नाहीं, त्या परक्या मुलखांतून आलेल्या माणसासही तेथें दार ठोठावतां येतें. परंतु दार उघडण्यास पैका लागतो, आणि आंत गेलेल्याच्या पाठीशीं बहुमत असेलच असें नाहीं.

आणखीही एक वैगुण्य भाच्यांनींच सांगितलें. २७ फेब्रुवारी २०२४ रोजीं मिशिगनमध्यें पूर्वनिवड झाली, तेव्हां त्यांनीं जो बायडन यांस मत दिलें. त्याच पक्षाच्या एक लाखाहून अधिक मतदारांनीं 'कोणासही बांधील नाहीं' या रकान्यांत खूण करून आपली नाराजी नोंदविली, तरी बायडन मोठ्या मताधिक्यानें विजयी झाले. पुढें २१ जुलैस त्यांनीं माघार घेतली, व कमला हॅरिस उमेदवार झाल्या. "मत मीं एकाला दिलें आणि उभें राहिलें दुसरेंच कोणी," भाचे हंसून म्हणाले. त्यावर अक्का उत्तरल्या, "मग तुमच्याकडेही अंतरपाट आहेच कीं! फक्त जरा विरळ कापडाचा."

आतां आपल्या घरचें पाहूं. २००७ सालीं आमच्या अमरावतीचा ऊर अभिमानानें भरून आला होता. शेखावत घराण्याच्या स्नुषा व १९९१ सालीं अमरावतीहून लोकसभेवर गेलेल्या प्रतिभाताई पाटील यांचें नांव १४ जून रोजीं राष्ट्रपतिपदासाठीं जाहीर झालें. त्यापूर्वीं दिल्लींत इतर नांवांची चर्चा होती. शिवराज पाटील यांच्या नांवास डाव्या पक्षांची संमति मिळाली नाहीं, आणि मग ताईंचें नांव पुढें आलें. शिवसेना विरुद्ध आघाडींत असूनही मराठी उमेदवार म्हणून तिनें ताईंस पाठिंबा दिला. १९ जुलैस मतदान होऊन भैरोंसिंह शेखावत यांच्या ३,३१,३०६ मतमूल्याविरुद्ध ताईंस ६,३८,११६ मतमूल्य मिळालें, आणि २५ जुलैस भारताच्या पहिल्या स्त्री-राष्ट्रपति म्हणून त्यांनीं शपथ घेतली. आम्हीं वर्गांत पेढे वांटले.

त्याच तासाला एका मुलीनें उठून विचारलें, "सर, ताईंना कोणीं निवडलें?" आम्हीं पाठ दिल्याप्रमाणें सांगितलें: संसदेचे व विधानसभांचे निर्वाचित सभासद राष्ट्रपति निवडतात, आपल्या एका आमदाराच्या मताचें मूल्य १७५, एका खासदाराच्या मताचें ७०८. मुलगी खालीं बसेना. "पण सर, त्यांना उभें कोणीं केलें?" या प्रश्नास पाठ्यपुस्तकांत उत्तर नव्हतें, व आमच्याजवळही नव्हतें. आम्हीं तिला आणखी एक पेढा दिला. शिक्षक निरुत्तर झाला म्हणजे असाच कांहीं उपाय करतो.

प्रतिभाताईंच्या योग्यतेविषयीं तो प्रश्न नव्हता, आमचाही नाहीं. प्रश्न रीतीचा आहे. दोन वर्षांनीं तो आमच्या दाराशींच आला. २००९ च्या विधानसभा निवडणुकींत अमरावतीचे विद्यमान आमदार व राज्यमंत्री सुनील देशमुख यांस काँग्रेसनें उमेदवारी नाकारली, व ती ताईंचे चिरंजीव रावसाहेब शेखावत यांस दिली. देशमुख अपक्ष उभे राहिले व पडले. शेखावत निवडून आले. २०१४ सालीं देशमुखांनीं भारतीय जनता पक्षातर्फे उभें राहून शेखावतांचा पराभव केला. आम्हीं दोन्हीं वेळां कोणास मत दिलें तें सांगणार नाहीं. एवढेंच सांगतों कीं, दोन्हीं वेळां कागद आमच्या हातीं आला तेव्हां त्यावरील नांवें लिहून झालेलीं होतीं.

अध्यक्ष कोणीं ठरवावा, हा वाद वऱ्हाडास कांहीं नवा नाहीं. १८९७ सालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन आमच्या अमरावतीसच भरलें. सर शंकरन नायर अध्यक्ष होते, आणि स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. त्या काळीं अध्यक्ष ठरविण्याचें काम स्वागतमंडळ व प्रांतिक समित्या यांच्याकडे असे, आणि बहुधा तें चार वजनदार माणसांच्या विचारानें होई. १९०६ सालीं टिळकांस अध्यक्ष करावें असा राष्ट्रीय पक्षाचा आग्रह होता. तो टाळण्यासाठीं नेमस्तांनीं विलायतेहून दादाभाई नौरोजींस आणलें, आणि त्या वयोवृद्ध नांवापुढें सर्वांस मान लववावी लागली. १९०७ सालीं अधिवेशन नागपुरास व्हावयाचें होतें. तेथील स्वागतमंडळांत दोन पक्षांचें जुळेना, म्हणून तें सुरतेस नेण्यांत आलें. टिळकांच्या पक्षानें लाला लजपतराय यांचें नांव सुचविलें, पण लालाजींनीं तें स्वीकारलें नाहीं. नेमस्तांनीं रासबिहारी घोष यांस निवडलें. टिळक बोलावयास उभे राहिले, सभेंत जोडा उडाला, खुर्च्या फेकल्या गेल्या, आणि राष्ट्रीय सभा जी दुभंगली ती १९१६ च्या लखनौपर्यंत सांधली नाहीं. आमच्या गांवापुरतें सांगावयाचें तर खापर्डे एका पक्षांत आणि रघुनाथ नरसिंह मुधोळकर दुसऱ्या पक्षांत. दोघेही अमरावतीचेच नामांकित वकील. मुधोळकर पुढें १९१२ सालीं बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, तेव्हां खापर्ड्यांचे नेते टिळक मंडालेच्या तुरुंगांत होते.

तो जोडा फेकणें वाईटच. परंतु त्यामागची तक्रार खोटी नव्हती. ज्याच्या मागून चालावयाचें त्याच्या निवडींत आपणांस शब्द असावा, ही ती तक्रार होय. शंभर वर्षांवर काळ लोटला, स्वराज्य आलें, प्रत्येक प्रौढास मत मिळालें. ही एक तक्रार मात्र होती तेथेंच आहे.

ती दूर करण्याचा एक प्रयत्न आमच्या जिल्ह्याच्या अंगणांत झाला, हें पुष्कळ वाचकांस स्मरत नसेल. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वीं राहुल गांधी यांच्या पुढाकारानें काँग्रेसनें देशांतील कांहीं थोड्या मतदारसंघांत उमेदवार पूर्वनिवडीनें ठरविण्याचें योजिलें. महाराष्ट्रांतील लातूर व वर्धा हे त्यांत होते. वर्धा मतदारसंघांत आमच्या अमरावती जिल्ह्यांतील मोर्शी व धामणगांव रेल्वे हे दोन विधानसभा मतदारसंघ येतात. मोर्शीस आमचे व्याही राहतात. जुने काँग्रेसी, खादीधारी, पण पद म्हणून कधीं घेतलें नाहीं. आम्हीं मोठ्या उत्सुकतेनें त्यांस विचारलें, "व्याहीबुवा, मत दिलेंत कीं नाहीं?" ते म्हणाले, "आम्हांला कोण विचारतो? मत पदाधिकाऱ्यांना."

झालें तेंही तसेंच. मत देणारे पक्षाचे पदाधिकारी व प्रतिनिधि. ज्यांच्या कृपेनें पदें मिळतात त्यांच्याच कलानें पदें धारण करणारे मत देणार, हें सांगावयास ज्योतिषी नको. वर्ध्यास विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे निवडले गेले. घराणेशाहीवर तोडगा म्हणून काढलेल्या औषधानें रोग्यास पुन्हां तोच ज्वर आला! मुख्य निवडणुकींत भाजपचे रामदास तडस यांनीं त्यांचा दोन लाखांहून अधिक मतांनीं पराभव केला. लातुरासही पूर्वनिवडींतून आलेला उमेदवार पडला. आणि त्याच वर्षीं मेघे पिता-पुत्रांनीं भारतीय जनता पक्षांत प्रवेश केला. प्रयोग तेथेंच आटोपला.

यावरून कित्येक म्हणतात कीं, ही रीत आपल्या भूमीस मानवतच नाहीं. आम्हांस हें मान्य नाहीं. मूठभर बीं खडकावर टाकून पीक आलें नाहीं, म्हणून पेरणीच खोटी ठरत नाहीं. पदाधिकाऱ्यांची पूर्वनिवड ही पूर्वनिवडच नव्हे. ती जुनीच बैठक, फक्त मतपेटी ठेवून भरविलेली. मोर्शीच्या आमच्या व्याह्यांसारख्या माणसाच्या हातीं चिठ्ठी दिली असती, तर ती परीक्षा खरी झाली असती.

येथपर्यंत इतरांस दोष देणें सोपें होतें. आतां घरांतली एक गोष्ट सांगतों.

आमच्या वडिलांच्या काळीं मतदानाच्या आदल्या रात्रीं जेवतांना ते एक नांव उच्चारीत, आणि दुसऱ्या दिवशीं घरांतलीं सारीं मतें तिकडे पडत. त्यांच्यामागें तो मान आमच्याकडे आला, आणि आम्हींही तो निःशंकपणें चालविला. २५ एप्रिल २०२४ च्या रात्रीं, म्हणजे लोकसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशीं, आम्हीं पानावर बसून तसेंच एक नांव उच्चारलें. धाकट्या सूनबाई वाढीत होत्या. त्या थांबल्या व सौम्यपणें म्हणाल्या, "मामंजी, तुम्हीं नांव सांगितलेंत, पण कारण नाहीं सांगितलेंत."

घास हातांतच राहिला. जी मुलगी २००७ सालीं वर्गांत उभी राहिली होती, तीच जणूं वाढून आमच्या पंगतींत आली होती. दिल्लींतल्या बंद दाराविषयीं आम्ही आयुष्यभर कुरकुर केली, आणि त्याच दाराची एक लहानशी प्रतिकृति आमच्या स्वयंपाकघरास बसविलेली होती. कडी आमच्या हातांत होती इतकेंच. वडिलांनीं नांव सांगावें व घरानें मानावें, यांत प्रेम होतें, विश्वासही होता. परंतु मत हें कांहीं वाटणीला आलेलें भांडें नव्हे कीं वडीलधाऱ्यानें उचलून ज्याच्या त्याच्या पुढ्यांत ठेवावें. आम्ही म्हणालों, "कारण आमच्यापाशीं धड नाहीं, सूनबाई. तुमचें मत तुम्हीच ठरवा." सौभाग्यवतींनीं त्या रात्रीं आम्हांस ताक दोनदां वाढलें, त्याचा अर्थ आम्हीं विचारला नाहीं.

तेव्हांपासून घरांत एक नवा पायंडा पडला आहे. कोणीं कोणास मत दिलें तें कोणी विचारावयाचें नाहीं. पण उमेदवारांचीं शपथपत्रें सर्वांनीं मिळून वाचावयाचीं. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेच्या मतदानापूर्वीं आम्हीं तीं ओसरीवर मोठ्यानें वाचलीं. कोणाची मालमत्ता किती, कोणावर गुन्हे कोणते, कोणाचें शिक्षण कुठवर, हें ऐकतांना चिरंजीव व सूनबाई यांचें एकमत झालें नाहीं, आणि घर मोडलें नाहीं.

या अनुभवावरून आमचीं मतें अशीं बनलीं आहेत. अमेरिकेची पूर्वनिवड जशीच्या तशी उचलूं नये. दहा-अकरा महिन्यांचा तो गाजावाजा व तो खर्च आपणांस पेलणारा नाहीं, आणि धनवंतासच ती अधिक सोयीची. परंतु पक्षानें आपल्या सभासदांची खरी यादी ठेवावी, ती निवडणुकीच्या निदान एक वर्ष आधीं जाहीर करावी, आणि उमेदवारी मागणाऱ्यांस त्या सभासदांपुढें उभें करून त्यांचें मत घ्यावें. आज कोणताही कायदा पक्षांस हें करावयास लावीत नाहीं. दुसरें, निवडीचें कारण लेखी द्यावें. सर्वोच्च न्यायालयानें १३ फेब्रुवारी २०२० रोजीं असा हुकूम केला आहे कीं, गुन्हे नोंदलेल्या माणसास उमेदवारी दिल्यास पक्षानें त्याचें कारण प्रसिद्ध करावें, आणि 'तो निवडून येईल' एवढेंच कारण पुरेसें समजूं नये. जें गुन्हे असलेल्याविषयीं सांगणें भाग आहे, तें नसलेल्याविषयीं सांगण्यास पक्षांनीं कां लाजावें?

तिसरी गोष्ट मतदारांकडे येते. यादी जाहीर झाल्यावर हळहळणें म्हणजे वरातीमागून घोडें. विचारावयाचें तें आधीं. महाभारतांत दमयंतीच्या स्वयंवराची कथा आहे. मंडपांत नळाच्याच रूपाचे पांच पुरुष बसले होते. त्यांत चार देव होते. दमयंतीनें बावरून न जातां नीट न्याहाळलें. देवांच्या पापण्या लवत नव्हत्या, अंगास घाम नव्हता, माळा कोमेजल्या नव्हत्या, पाय भूमीस टेकत नव्हते. ज्याची सांवली पडत होती, ज्याच्या अंगावर धूळ व घाम होता, त्याच्या गळ्यांत तिनें माळ घातली. फलकांवर सारेच उमेदवार सारखे हंसतात. ज्याचे पाय जमिनीस टेकलेले आहेत तो कोणता, हें ओळखण्यास मतदानाचा एक दिवस पुरत नाहीं. वर्षभर डोळे उघडे ठेवावे लागतात.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही परत निघालों. अर्ज मागें घेण्याची वेळ टळून गेली होती. कोण बसला, कोण उभा राहिला, याच गोष्टी स्टेशनापर्यंत कानीं पडत होत्या. निघतांना अक्कांनीं नेहमींप्रमाणें अनारशांचा डबा हातीं दिला व उंबऱ्यापर्यंत आल्या. अकोल्याच्या महापालिकेची निवडणूक तेव्हां दोन वर्षांवर लांबली होती. अक्का म्हणाल्या, "ती कधीं होईल तेव्हां होवो. पण आमच्या प्रभागांत कोणाला उभें करणार, आणि कां, हें मी आतांपासूनच विचारायला लागणार आहे. आधीं नळाचें पाणी विचारतें, मग नांव."

अक्कांचें वय तेव्हां शहात्तर होतें. त्यांच्या पक्षकार्यालयांच्या फेऱ्या कशा झाल्या, त्याची हकीकत त्यांनीं आम्हांस पुढें पत्रानें कळविली आहे. ती स्वतंत्र लेखाचा विषय होय.